अस्सलबरहुकूम नक्कल



मी धंद्याने मास्तर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. तेव्हा आज मी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कविषयी बोलणार आहे हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हसत असेल, तर तो दोष त्याचा नव्हे. बिघडलेला लॅपटॉप मला दुरुस्त करता येत नाही. घरी ते काम मुलगी करते. पण जुना कागद हाती आला म्हणजे तो अस्सल की बनावट, कोणाच्या हातचा, केव्हाचा, हे तपासण्याची सवय आम्हां इतिहासवाल्यांना असते. काही वर्षांपूर्वी असा प्रसंग आला की, तीच सवय एका जुन्या लॅपटॉपला लावावी लागली. त्या वेळी आम्हां चारचौघांच्या हातून एक चूक झाली. ती आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे भाषण.

हकीकत अशी. आमच्या ओळखीची एक लहानशी पतसंस्था आहे. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. कापूस विकून आलेल्या पैशातून, पगारातून, कोणी शिवणकामातून महिन्याला शे-दोनशे रुपये बाजूला टाकायचे आणि आवर्ती ठेवीत भरायचे, असे तिचे सभासद. संस्थेचे हिशेब एका कारकुनाने चोवीस वर्षे लिहिले. आधी वहीत लिहिले, मग लॅपटॉपवर. ते निवृत्त झाल्यावर तो लॅपटॉप आणखी सहा महिने कार्यालयात वापरात होता. पुढे नवा संगणक आला, जुन्यातले आकडे नव्यात उतरवले गेले आणि जुना लॅपटॉप लोखंडी कपाटात जाऊन पडला.

चार वर्षांनी काही ठेवींची मुदत भरली, आणि एका बाईच्या लक्षात आले की पासबुकात एक आकडा आहे आणि संगणकात दुसरा. संगणकातला कमी. मग आणखी एकाचे तसेच निघाले. पुढे पाचसहा जणांचे. गावात कुजबूज सुरू झाली, आणि कुजबूज नेहमी जवळचे घर शोधते. चोवीस वर्षे हिशेब कोणी लिहिले? त्या कारकुनाने. झाले!

चौकशीसाठी समिती नेमली. गावातल्या भांडणात नसलेला माणूस हवा म्हणून माझे नाव घातले. आमच्यापुढे प्रश्न एकच होता. खातेवहीतले ते आकडे बदलले केव्हा? कारकुनाच्या हयातीत म्हणजे नोकरीच्या काळात, की नंतरच्या सहा महिन्यांत? ‘कोणी’ हा प्रश्न ‘केव्हा’च्या पोटात दडलेला होता. आणि ‘केव्हा’ हे सांगू शकेल असा साक्षीदार एकच, कपाटातला तो लॅपटॉप.

आम्ही कपाट उघडायला लावले, तेव्हा कळले की साक्षीदाराची उलटतपासणी आधीच होऊन गेली होती! संस्थेतल्या एकाचा पुतण्या, मोठा हुशार आणि मनाने सरळ मुलगा, तीन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसला होता. मदत करावी हाच त्याचा हेतू. मी विचारले, ‘‘बाबू, काय काय केलंस?’’

तो म्हणाला, ‘‘काही नाही जी काकाजी. फाइल फक्त उघडून पाहिली. कॉलम बारीक दिसत होता, तो थोडा रुंद केला. बंद करताना त्यानं इचारलं, सेव करू का? म्या हो म्हटलं. अन् दुसऱ्या दिवशी मोबाइलचं नेट जोडलं, तं त्यानं आपल्याच मनानं अपडेट घेतलं.’’

एवढेच. एक कॉलम रुंद केला, एकदा ‘हो’ म्हटले आणि एकदा नेट जोडले. आता ऐका, याने काय झाले.

संगणकातली प्रत्येक फाइल स्वतःच्या पाठीवर तारखा वागवीत असते. ती तयार केव्हा झाली आणि तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला. हिशेबाची फाइल असेल तर ती शेवटी कोणाच्या नावाने साठवली गेली, तेही आत लिहिलेले असते. त्या ‘हो’बरोबर शेवटच्या बदलाची जुनी तारीख पुसली गेली आणि त्या संध्याकाळची तारीख तिथे बसली. आम्हांला हवे होते नेमके तेच, आणि गेले तेही नेमके तेच. त्यात भर अशी की, वर्षानुवर्षे बंद राहिल्याने लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली होती. नेट जोडेपर्यंत त्या यंत्राच्या मते कित्येक वर्षांपूर्वीचाच दिवस चालू होता. म्हणजे पहिल्या संध्याकाळच्या काही खुणा जुन्या तारखांनी उमटल्या. इतिहासात याला आम्ही काय म्हणतो? अस्सल कागदावर मागाहून झालेले लेखन! फरक इतकाच की, कागदावर मागाहून लिहिले तर शाई निराळी दिसते. इथे शाई एकच.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास याच क्षेत्रात काम करतो. त्याला फोन केला. मी पुरते सांगण्याआधीच त्याने विचारले, ‘‘सर, लॅपटॉप कोणी चालू तर केला नाही ना?’’ मी गप्प राहिलो. तो समजला. म्हणाला, ‘‘ठीक आहे. आता पुन्हा चालू करू नका. आहे तसा ठेवा. मी येतो.’’

तो आला आणि त्याने काय केले ते मी शेजारी बसून पाहिले. ते आपणही समजून घ्यावे, कारण यात गूढ असे काही नाही.

प्रथम त्याने लॅपटॉपचा फोटो घेतला, अनुक्रमांक लिहून घेतला, खालचे स्क्रू काढून आतली हार्ड डिस्क बाहेर काढली. तळहातावर मावणारी अडीच इंची डबी. तिच्या आत चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांना न टेकता, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी अंतरावर, तरंगत असते. ही डिस्क त्याने आपल्या संगणकाला सरळ जोडली नाही. मध्ये एक लहानसे उपकरण जोडले. त्याला ‘राइट ब्लॉकर’ म्हणतात. त्यातून ‘वाच’ हा हुकूम पलीकडे जातो; ‘लिही’ हा हुकूम अलीकडेच अडतो. पुराभिलेखागारात जुने रुमाल पाहायला जावे, तर दारावरच शाईचे पेन ठेवून घेतात आणि शिसपेन्सिल तेवढी नेऊ देतात. का? वाचणाऱ्याचा हात चुकूनही मूळ कागदावर उमटू नये म्हणून. राइट ब्लॉकर म्हणजे ती दारावरची चौकी.

मग नक्कल सुरू झाली. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आपण घरी फाइली पेन ड्राइव्हवर उतरवतो, ती नक्कल आणि तपासासाठीची नक्कल यांत मोठे अंतर आहे. आपण उतरवतो त्या फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या फाइली. पण डिस्कवर न दिसणारेही पुष्कळ असते. फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी झाली, असे आपण समजतो. वास्तविक संगणक काय करतो? अनुक्रमणिकेतली तिची नोंद रद्द करतो आणि ती जागा रिकामी धरतो. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एका प्रकरणाचे नाव खोडले, तरी पाने पुस्तकातच असतात, तसे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथे असतो. म्हणून तपासाची नक्कल फाइलींची घेत नाहीत. संपूर्ण डिस्कची घेतात, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, भरलेले आणि रिकामे असा भेद न करता. ५०० गिगाबाइटच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटांची अशी सुमारे ९७ कोटी ६७ लाख घरे असतात. ती सगळी ओळीने वाचायची. धडधाकट डिस्कला दीडदोन तास पुरतात. जुनीला रात्र लागते.

आमची डिस्क जुनीच होती. मध्येच टक्-टक् असा आवाज येई आणि आकडा पुढे सरकेना. मी म्हटले, ‘‘बंद करून पुन्हा लाव.’’ तो म्हणाला, ‘‘नको सर. म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न दहादा विचारला तर जे आठवतं तेही तो विसरतो.’’ अशा डिस्कसाठी वेगळी रीत आहे. आधी जेवढे सहज वाचता येते तेवढे उतरवून घ्यायचे, अडलेल्या जागा सोडून द्यायच्या, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्याकडे परत यायचे. जी घरे अखेरपर्यंत वाचता आली नाहीत त्यांची यादी करायची आणि ती जाहीरपणे नोंदवायची. प्रामाणिक नकलनवीस असेच करतो. कसर लागलेल्या पानावर अक्षर लागले नाही, तर तिथे टिंबे देतो. पदरचा शब्द घालत नाही.

पहाटे नक्कल पुरी झाली. आता खरी मेख. ही नक्कल मुळाप्रमाणेच आहे, आणि उद्याही तशीच राहील, हे ठरवायचे कसे?

आपल्या जुन्या दप्तरांत याला एक सुंदर शब्द आहे, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. म्हणजे अस्सलाच्या हुकुमाप्रमाणे, काना-मात्रेचाही फरक न करता उतरवलेली प्रत. आणि मागाहून कोणी भर घालू नये यासाठीही तोड होती. शिवछत्रपतींच्या पत्रांत मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब करीत, आणि त्या शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. ही मर्यादा आहे. यापुढे कोणी शब्द घालील तर तो खोटा. काय दूरदृष्टी!

संगणकाच्या नकलेचे मोर्तब अंकांचे असते. त्याला ‘हॅश’ म्हणतात. डिस्कवरचा सगळा मजकूर एका ठरावीक गणिताच्या घाण्यातून काढायचा. शेवटी एक ठरावीक लांबीची खूण हाती येते. आज विश्वासाने वापरली जाते ती ‘एसएचए-२५६’ नावाची खूण ६४ चिन्हांची असते. मजकूर एका पानाचा असो की पाचशे गिगाबाइटचा, खूण ६४ चिन्हांचीच. आणि मजकुरात एक काना जरी बदलला, तरी खूण थोडीशी नव्हे, साफ बदलते. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले म्हणतात. ती आख्यायिका किती खरी हा वाद आपण बाजूला ठेवू. पण त्या पत्राची अशी खूण आधी काढून कोणी रामशास्त्र्यांच्या हाती ठेवली असती, तर अक्षर बदलल्याचे क्षणात उघड झाले असते. कोणी बदलले हे मात्र खूण सांगत नाही. ती एवढेच सांगते की हा कागद तो कागद नव्हे.

या खुणांनाही वय असते, तेही सांगतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ‘एमडी-५’ ही खूण बरीच वर्षे चालली. पण दोन निराळ्या मजकुरांची एकच खूण मुद्दाम जुळवून आणता येते, असे २००४ साली दाखवण्यात आले. ‘एसएचए-१’ची तीच गत २०१७ साली झाली. म्हणून आता जाणकार ‘एसएचए-२५६’ घेतात.

माझ्या विद्यार्थ्याने ती ६४ चिन्हे मोठ्याने वाचली, मी कागदावर लिहिली, आणि समितीच्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मूळ डिस्क पाकिटात घालून लाखेने मोहरबंद केली. नकलेची आणखी एक नक्कल केली. यापुढचा सगळा शोध त्या दुसऱ्या नकलेवर. मुळाला पुन्हा हात नाही.

आता कोणी म्हणेल, ‘‘मास्तर, एवढा सोपस्कार कशासाठी? खरे ते खरेच.’’ नाही श्रोतेहो. खरे असणे वेगळे आणि खरे ठरणे वेगळे. आपल्या राज्यातली दोन प्रकरणे सांगतो.

पहिले जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांनी सगळे टिपले होते. पण न्यायालयात आली ती त्या चित्रणाची नक्कल. आणि नकलेबरोबर कायद्याला एक दाखला लागतो, की ही नक्कल अमुक यंत्रावरून, अमुक रीतीने घेतली. तो दाखला मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नकलेबरोबर असा दाखला हवाच; मात्र माणसाने तो मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले असेल आणि दाखला देणे दुसऱ्याच्याच हाती असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. तिथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून, माहिती प्रथम ज्यात साठली ते मूळ यंत्रच दाखल करील, आणि ते आपले असल्याचे शाबीत करील, तर दाखल्याची गरज नाही. म्हणजे पुन्हा तेच, अस्सल आणि नक्कल.

दुसरे प्रकरण एल्गार परिषद-भीमा कोरेगावचे. या खटल्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या दिल्लीच्या घरातून पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे हा तपासातला महत्त्वाचा पुरावा मानला गेला. पुढे त्या डिस्कची नक्कल बचाव पक्षाला मिळाली आणि त्यांनी ती अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. त्या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निष्कर्ष सांगितला की, जप्तीपूर्वी २२ महिन्यांहून अधिक काळ दूरच्या कोणीतरी त्या लॅपटॉपमध्ये शिरकाव केला होता आणि ती कागदपत्रे बाहेरून आत ठेवली होती. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे मानले नाही. पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात असे काही आढळले नाही, असे तिचे म्हणणे. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. कोणाचे खरे, हे न्यायालय ठरवील. आपण मास्तरांनी निकाल देऊ नये. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. एका बाजूने नक्कल वाचली, दुसऱ्या बाजूनेही वाचली, आणि वाद मुद्द्यावर होऊ शकला. कारण डिस्कची संपूर्ण नक्कल दोघांच्या हाती होती. ती नसती, तर एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची किंवा रडायचे, एवढेच उरले असते. नीट घेतलेली नक्कल फिर्यादीची नसते आणि आरोपीचीही नसते. ती दोघांची असते.

कायद्यानेही आता हे ओळखले आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली जो दाखला द्यायचा, त्याचे दोन भाग आहेत. एक, ज्याच्या ताब्यात यंत्र होते त्याने भरायचा; दुसरा, तज्ज्ञाने. आणि त्या नमुन्यातच हॅशची खूण लिहिण्यासाठी जागा ठेवलेली आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रण करणेही आवश्यक केले आहे. पंचनाम्याला आता डोळाही आला आणि मोर्तबही आले.

हे सगळे पोलिसांचे काम, आपला काय संबंध, असे म्हणू नका. आपल्या जिल्ह्यात गावोगाव ग्रामपंचायती आहेत, पतसंस्था आहेत, शाळा आहेत, बचतगट आहेत. प्रत्येक ठिकाणी एखादा जुना लॅपटॉप कपाटात पडलेला आहे. त्यात कोणाचे जन्माचे दाखले आहेत, कोणाच्या ठेवी, कोणाचे गुण. उद्या तंटा उभा राहील, तेव्हा पोलीस येण्याआधी त्या लॅपटॉपला हात लागतो तो आपलाच.

म्हणून चार साध्या गोष्टी ध्यानात ठेवा. यंत्र बंद असेल तर चालू करू नका. चालू असेल तर त्यात काही शोधू नका, त्याला पेन ड्राइव्ह लावू नका. पडद्यावर काय दिसते त्याचा फोटो घ्या आणि जाणकाराला विचारा, कारण काही यंत्रे एकदा बंद झाली की परवलीच्या शब्दाविना उघडत नाहीत. कपाटातून काढताना दोन माणसे बोलवा. यंत्राचा अनुक्रमांक, तारीख, वेळ, कोणी काढले, कोणाकडे दिले, हे लिहा आणि सह्या घ्या. यंत्र ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येक हाताची नोंद झाली पाहिजे. आणि ते टिनाच्या गोदामात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथे डिस्क काय सोसणार?

आणखी एक. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकड्यांऐवजी ‘एसएसडी’ नावाच्या पट्ट्या असतात. त्या वेगवान खऱ्या, पण पुसलेल्या फाइलींची जागा त्या बहुधा आपल्या आपणच साफ करून टाकतात. त्या दृष्टीने जुनी फिरती डिस्क हा अधिक चांगला साक्षीदार. म्हातारी माणसे पुष्कळ जुने धरून ठेवतात. फक्त त्यांच्याशी जपून बोलावे लागते.

आता आमच्या चौकशीचे काय झाले ते सांगून पुरे करतो. नकलेच्या रिकाम्या जागांत माझ्या विद्यार्थ्याने आठ दिवस शोध घेतला. कारकून दर मार्चअखेर खातेवहीची एक प्रत बाजूला काढून ठेवीत. त्या प्रती मागाहून कोणीतरी पुसल्या होत्या. बहुतेकांवर त्या अपडेटचा मजकूर चढून बसला होता. पण एक, ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्या मार्चअखेरची, सबंध मिळाली. आम्ही सभासदांची पासबुके मागवली आणि एकेक आकडा लावून पाहिला. पासबुकातले आकडे कारकुनाच्या हातचे, प्रतीतले आकडेही तेच. एका रुपयाचा फरक नाही. त्यांनी खातेवही दुसऱ्याच्या हवाली केली, तेव्हा ती बरोबर होती. बदल झाला तो नंतर.

मी स्वतः त्यांच्या घरी सांगायला गेलो. ओसरीवर बसले होते. म्हणाले, ‘‘सर, चोवीस वर्षं लोकांचे पैसे मोजले. या दोन महिन्यांत बाजारात कोणी मले चहा इचारला नाही. त्या डब्यानं काय सांगितलं, ते सांगा.’’

मी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, ‘‘अन् मग केलं कोनं?’’

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. नंतरच्या त्या सहा महिन्यांत लॅपटॉपवर तिघेजण बसत. आकडे कोणत्या दिवशी आणि कोणाच्या नावाने बदलले, हे त्या फाइलीच्या पाठीवर लिहिलेले असणार. पण त्यावर आमच्या त्या ‘हो’चा बोळा फिरला होता. मोहरबंद डिस्क, सह्यांचा कागद आणि अहवाल आम्ही पुढे पोलिसांच्या हवाली केला. संस्थेने सभासदांचे पैसे भरून दिले. पण तिघांपैकी दोघे निर्दोष असणार, आणि त्या दोघांवरचा संशय आम्ही आजही दूर करू शकलेलो नाही. एका माणसाची अब्रू त्या पहाटेच्या नकलेने परत मिळाली, आणि दोघांची त्या संध्याकाळच्या घाईने अडकून पडली.

तो मुलगा अजून भेटतो. मधून मधून म्हणतो, ‘‘काकाजी, म्या काही वाईट केलं नव्हतं जी.’’ मी म्हणतो, ‘‘नाही रे बाबू. तू वाईट केलं नाहीस. तू आधी पाहिलंस आणि मग नक्कल करायला निघालास. एवढंच उलटं झालं.’’